दोन बाऱ्यांच्या मधला माणिकअप्पा

माणिकअप्पा बिरादारांच्या वर्षश्राद्धाला खटकचिंचोळीत जे भाषण झाले ते मी पुढच्या रांगेत बसून ऐकले, आणि ते संपण्याआधीच उभा राहिलो. वक्ते त्यांचे दूरचे व्याही, महसूल खात्यातून निवृत्त झालेले. ते म्हणाले की अप्पांचा अखेरचा काळ वेडात गेला, ते हिंसक झाले, पोटच्या पोरावर त्यांनी हात टाकला. परंतु आधुनिक औषधांनी त्यांना शेवटी शांत केले. मी मोठ्याने म्हणालो, "खोटं आहे." कोणीतरी माझे धोतर ओढून मला खाली बसवले, आणि वक्त्यांनी माझ्याकडे पाहून हात जोडत भाषण पुढे चालू ठेवले. वाद घालणाऱ्या म्हाताऱ्यापुढे हात जोडले की तो हरला, असे आपल्याकडे धरतात. मी हरलेलो नाही.

त्या भाषणातले एकच वाक्य खरे होते: पोरावर हात टाकला. बाकी सगळे उलटे. औषधांनी त्यांना शांत केले नाही. एका अंगात दोन घरांची औषधे एकत्र गेली आणि त्या औषधांनीच त्यांना पेटवले. त्यापायी हा माणूस हिंसक वेडा म्हणून मरेपर्यंत दूरच्या मनोरुग्णालयात कोंडला जाणार होता. तसा अर्जही तयार होता. तो कोंडला का गेला नाही, हे ठाऊक असलेले आम्ही मोजके लोक आहोत. बाकीचे आपापला दोष झाकण्यासाठी गप्प बसतात. मी बसणार नाही, कारण थोडा दोष माझाही आहे आणि तो सांगितल्याशिवाय हकीगत पुरी होत नाही.

भालकी तालुक्यातल्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ते पशुवैद्यकीय सहायक होते आणि मी औषधनिर्माता. लोक त्यांना ढोरडाक्टर म्हणत. ते मला कंपौंडर म्हणत. हे पदनाम चुकीचे असल्याचे मी त्यांना अनेकदा समजावले. "व्हय, व्हय, औषधनिर्माता," ते म्हणत, "आता ती बाटली दे, कंपौंडर."

बुटके, रुंद, मानच नाही असे वाटावे असे त्यांचे शरीर होते. डावा कान बैलाच्या शिंगाने फाटलेला. दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत दातांचे, खुरांचे, तारेचे वण. कमरेला स्वतः वळलेला अंबाडीचा दोर, लग्नकार्यातसुद्धा. कन्नड, मराठी आणि दखनी उर्दू या तिन्ही भाषा त्यांना सारख्याच येत. पण जनावराशी ते कन्नडमध्ये बोलत, साहेबांशी दखनीत आणि जनावराच्या मालकाशी मराठीत. मी एकदा विचारले, "जनावराशी कन्नड कामून?" ते म्हणाले, "मला शिव्या मराठीतच येतेत. जनावरानं कामून ऐकाव्या?"

जनवाड्याला आमची नेमणूक असताना एक म्हैस दोन दिवस अडली होती. रेडकू पोटात मेले होते आणि आडवे बसले होते. माणिकअप्पांनी सदरा काढला, हाताला खांद्यापर्यंत तेल चोपडले आणि तो हात आत घातला. दुसऱ्या हातात तारेची करवत. आतल्या आत, न पाहता, बोटांनी सांधा शोधत ते रेडकू कापू लागले. आधी एक पाय बाहेर आला, मग दुसरा, मग मुंडके. वासाने दोन माणसे ओकली. म्हशीने एक लाथ घातली ती त्यांच्या मांडीवर बसली. त्यांनी नुसते दात आवळले, करवत थांबवली नाही. मालक डोक्याशी बसून हंबरडा फोडत होता. अप्पा म्हणाले, "आतलं मेलंय. भाईरचं वाचवायचंय. रडायचंच आसंल तर शेपूट धरून रड, तेवढीच मदत व्हईल." त्याने खरोखरच शेपूट धरले आणि रडत राहिला. म्हैस वाचली. माणिकअप्पा विहिरीवर जाऊन अर्धा तास हात धूत बसले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. हा माणूस क्रूर होता असे म्हणणाऱ्यांनी तो अर्धा तास पाहिलेला नाही.

त्यांच्या कामाची एक रीत आमच्या जिल्ह्यात दुसऱ्या कोणाची नव्हती. औषध दिले की ते त्या जनावराच्या शिंगाला रंगाचा पट्टा ओढत. सुई दिली तर तांबडा, पाजले तर निळा. कारण आमच्या भागातला माणूस एकाच औषधावर थांबत नाही. सरकारी दवाखान्यातून आणतो, मग भालकीच्या खाजगी माणसाला बोलावतो, मग उदगीरच्या बाजारात कोणी पुडी दिली तर तीही चारतो, आणि एकाला दुसऱ्याचे सांगत नाही. सांगितले तर दुसरा रागावेल, औषधच देणार नाही, अशी त्याला भीती असते. "माणूस लपवतंय," अप्पा म्हणत, "शिंग लपवत न्हाई."

एका शेतकऱ्याने मात्र शिंगही लपवले. तांबडा पट्टा रॉकेलने पुसून त्याने त्याच दिवशी दुसऱ्याकडून सुई घेतली. आम्हाला बोलावले तेव्हा बैल चारी पाय ताणून पडला होता, मान पाठीकडे वळलेली, तोंडाला फेस, आणि जमिनीवर खुरे इतक्या जोराने आपटत होता की गोठ्याची माती उकरली गेली होती. आमच्यासमोर तो मेला. माणिकअप्पांनी शिंगाचा वास घेतला. मग कमरेचा दोर सोडला आणि त्या माणसाला गावासमोर फोडून काढले. सगळे फटके पाठीवर. डोक्यावर एकही नाही, कमरेखाली एकही नाही. तक्रार झाली. खात्याने खुलासा मागितला. मी त्यांच्यासाठी चार पानी मसुदा तयार केला, नियम आणि कलमांसह. त्यांनी तो वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि एका ओळीत उत्तर पाठवले: "मारले हे खरे आहे, बैल परत आला नाही याचे वाईट वाटते."

हा प्रसंग सांगून लोक म्हणतात, बघा, मूळचाच मारकुटा. मी म्हणतो, मूळचा मारकुटा माणूस फटका कुठे बसतो ते पाहत नाही. माणिकअप्पांच्या मारण्याला ठिकाण होते, कारण होते आणि शेवट होता. मैलूरच्या घरात जे घडले त्याला यांतले काहीही नव्हते. ज्यांना हा फरक दिसत नाही त्यांनी त्यांच्यावर भाषणे करू नयेत.

आता दुसऱ्या बाजूलाही सुनावतो. अप्पांना आजार नव्हताच, पोरांनी वेडे ठरवले, असे म्हणणारेही पुष्कळ आहेत. तेही खोटे. निवृत्तीनंतर बायको वारली आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांना खरोखरीचा उन्माद झाला. झोप गेली. बोलणे थांबेना. एका सकाळी ते जनावरांच्या बाजारात शिरले आणि "सुट्टी! सुट्टी!" ओरडत दावणीचे बैल सोडू लागले. पंधरा-वीस बैल गर्दीत उधळले, चार माणसे तुडवली गेली, एकाच्या बरगड्या गेल्या. व्यापाऱ्यांनी काठ्यांनी त्यांना झोडपले. मी पोचलो तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते, कपाळातून रक्त नाकावर येत होते आणि ते खुशीत हसत होते. "कंपौंडर," ते म्हणाले, "येवढं बरं मला जन्मात वाटलं नव्हतं." त्या हसण्याची मला त्यांच्या संतापापेक्षा जास्त भीती वाटली. त्यांना औषधाची गरज होती. औषधे वाईट असतात असे म्हणायला मी हे लिहीत नाही. माझे आयुष्य औषधांच्या कपाटासमोर गेले आहे.

त्यांना दोन मुलगे. थोरला शिवराज खटकचिंचोळीत शेती पाहतो. धाकटा दिलीप बीदरला मैलूर भागात राहतो, शिक्षक आहे. आईच्या शेवटच्या आजारात तिला हैदराबादला वेळेवर कोणी नेले नाही, यावरून दोघांचे बोलणे तुटले. आई तुझ्यामुळे गेली, असे दोघेही एकमेकांना म्हणत. पुढे बापाच्या वाट्याला आली ती बारी. बारी म्हणजे पाळी: एक महिना थोरल्याच्या घरी, एक महिना धाकट्याच्या. आमच्याकडे अनेक घरांत म्हातारे असेच फिरतात आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. उलट बारी सोडताना माणूस कसा धाडला यावर घराची अब्रू ठरते. आंघोळ घालून, नवे धोतर नेसवून, पुरणपोळी पोटभर वाढून धाडायचे. पुढच्या घराने म्हणू नये की उपाशी आला.

आईच्या बाबतीत जी चूक झाली ती बापाच्या बाबतीत आपल्या हातून होऊ नये, आणि झालीच तर भावाच्या हातून झालेली दिसावी, अशी दोघांचीही ईर्षा. शिवराजने त्यांना कलबुर्गीच्या डॉक्टरकडे नेले. अप्पा गोळी थुंकतात असे ऐकून त्या डॉक्टरने महिन्याची सुई सुरू केली. हे औषध तेलात असते. मांसात दिले की महिनाभर हळूहळू रक्तात उतरत राहते. दिलीपने त्यांना उदगीरच्या डॉक्टरकडे नेले, कारण त्याच्या बायकोचे, सुनंदाचे, माहेर उदगीर. "आधी काही औषध चालू होतं का?" असे विचारल्यावर दिलीप म्हणाला, "न्हाई." भावाने केलेले उपचार त्याच्या हिशेबी उपचार नव्हतेच. त्या डॉक्टरने उन्मादावरचे लिथियम लिहिले आणि बरोबर दोन वेळच्या गोळ्या, सुईतले औषध ज्या कुळातले त्याच कुळातल्या. सुनंदा त्या कुटून दह्यात घालून देत असे. दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी चुकले नव्हते. दोघांपुढे अर्धाच माणूस बसला होता.

आणि शिवराजने ती सुई कधी द्यावी? बारी सोडायच्या दिवशी. पुरणपोळीच्या आधी. आपल्या महिन्याचे कर्तव्य पुरे करून बाप धाडला, एवढाच त्याचा भाव. म्हणजे अप्पा खटकचिंचोळीत असायचे तेव्हा सुईचा जोर ओसरत आलेला असे, आणि ते मैलूरला पोचायचे ते ताजे औषध अंगात घेऊन. तिथे दह्यातल्या गोळ्या त्यावर पडत. थोरल्याच्या घरी शांत, धाकट्याच्या घरी अस्वस्थ. शिवराज गावभर सांगे की धाकटी सून छळते. दिलीप कॉलनीत सांगे की थोरला बापाला पढवून धाडतो. सुई घराबाहेर कोणाला ठाऊक नव्हती आणि गोळ्याही.

पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात अप्पा फार भडकलेत असे कानावर आले म्हणून मी भर दुपारी मैलूरला गेलो. ते घरात चालत होते. स्वयंपाकघराच्या भिंतीपासून दारापर्यंत नऊ पावले, वळायचे, पुन्हा नऊ. सदरा घामाने अंगाला चिकटलेला, हात थरथरणारे, ओठ सुकून फाटलेले. बसले की पाय आपोआप उसळत आणि ते पुन्हा उठत.

"बसा की, अप्पा," मी म्हणालो.

"बसवंना गेलंय, कंपौंडर. पाय माझे न्हाईत हे. हाडाच्या आत कुनीतरी तिखट भरलंय."

सुनंदा कंटाळून म्हणाली, "काका, आठ दिवस झाले, आसंच. पाणी बी पीत न्हाईत नीट. डॉक्टरला फोन केला तर म्हणाले, डोस वाढवा."

अप्पा माझ्यासमोर येऊन थांबले. थांबले म्हणजे जागच्या जागी पाय हलवत राहिले. आवाज खाली आणून म्हणाले, "मी वेडा झालो न्हाई. वेड मला ठाऊक हाय. ते गोड आसतंय. हे गोड न्हाई. तू औषधातला माणूस हाईस, बग की जरा काय हाय ते."

मी काय केले? मी म्हणालो, "वय झालं आता, अप्पा. सोसायला पाहिजे." एवढेच म्हणालो. चाळीस वर्षे औषधे हाताळलेल्या माणसाचे हे उत्तर. कोणी मला हे वाक्य तोंडावर फेकले तर मी खाली मान घालीन. पण आजवर कोणाला ते सुचलेले नाही, म्हणून मीच लिहून ठेवतो.

तेवढ्यात त्यांची मान एका बाजूला वळू लागली. कोणी अदृश्य हाताने पिळावी तशी, हनुवटी खांद्याला लागेपर्यंत. डोळे वर गेले आणि वरच राहिले. जीभ बाहेर आली. सुनंदा किंचाळली आणि धावत जाऊन गोळी घेऊन आली. जास्त झाले तर आणखी एक द्या, असे तिला सांगितलेले होते. अप्पांनी तिच्या मनगटावर फटका मारला, गोळी उडून गेली. त्यांनी तिचा गळा दाबला अशी कॉलनीत कथा आहे. गळ्याला त्यांनी हात लावला नाही. मी चार फुटांवर होतो. मग त्यांनी दारावर डोके आपटायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. कडीजवळची फळी फुटली आणि कपाळही. दिलीप आतून आला, त्याने मागून मिठी घातली आणि सुनंदाला ओरडला, "तोंड उघड त्यांचं! गोळी घाल!"

अप्पा कमरेत वाकले आणि बैलाने जू झटकावे तसे त्यांनी पोराला डोक्यावरून पुढे फेकले. दिलीप शहाबादी फरशीवर खांद्यावर पडला. गळ्याजवळचे हाड मोडल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला. असे आवाज मला ओळखता येतात. शेजारचे चौघे आत घुसले. एकाच्या हातात क्रिकेटची बॅट होती. दोन फटके अप्पांच्या बरगड्यांवर बसले, तिसरा कानावर. ते पडेनात. आंधळ्यासारखे, डोळे छताकडे लागलेले, वाकड्या मानेने ते त्या चौघांना भिंतीवर रेटत होते आणि तोंडातून रक्त आणि लाळ गळत होती. ते लोक त्यांना मारून टाकतील असे मला वाटले.

मग त्यांना खाली कोणी पाडले, याबद्दल कॉलनीत दोन-तीन वीरांची नावे घेतात. ती सगळी खोटी आहेत. त्यांच्याच कमरेचा दोर मी सोडला आणि बैल पाडायचा फास टाकला. छातीवरून एक वेढा, कमरेवरून एक, आणि मागे खेच. तो फास त्यांनीच मला शिकवला होता. माझ्यासारख्या म्हाताऱ्याच्या एका खेचीसरशी तो माणूस गुडघ्यांवर आला आणि आडवा झाला. चौघे त्यांच्या अंगावर बसले. गाल फरशीला दाबलेला, मान पिळलेली, अशा अवस्थेत ते पुटपुटले, "फास बरा टाकलास."

दुसऱ्या सकाळी ते खाटेवर लाकडासारखे पडले होते. अंग तापाने भाजत होते, हात वाकवावा तर वाकत नव्हता, माणूस ओळखत नव्हते. लोकांना वाटले, आता निपचित झाले, बरे झाले. शिवराजला बोलावणे गेले. कितीतरी दिवसांनी दोघे भाऊ एका खोलीत आले, तेही सह्या करायला. शेजारच्या वकिलाने अर्ज तयार ठेवला होता: वडील हिंसक आहेत, घरी सांभाळणे अशक्य आहे, त्यांना कायमचे मनोरुग्णालयात ठेवावे. खाली दोन मुलांच्या सह्यांसाठी दोन कोऱ्या जागा.

दिलीपचा हात गळ्यात बांधलेला होता. शिवराज दारातूनच म्हणाला, "माझ्याकडं महिनाभर गाईवानी आसतेत. तुमच्याकडंच कामून पिसाळतेत?"

"तू पढवून धाडतूस म्हून!"

"भावजी, हे बगा," सुनंदाने आपले सुजलेले मनगट पुढे केले. "हे पढवलेलंच हाय का?"

"आवं, मी धाडताना काय कमी करतो?" शिवराज ओरडला. "नवं धोतर नेसवतो, तूप-पोळी वाढतो, महिन्याची सुई बी टोचून धाडतो! आनिक काय करावं मानसानं?"

मी विचारले, "कसली सुई?"

त्याने सांगितले आणि खिशातून कलबुर्गीची चिठ्ठी काढली. सुनंदा गोळ्यांचा डबा आणि उदगीरची चिठ्ठी घेऊन आली. मी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या, चष्मा चढवला आणि वाचल्या. मला ताणलेल्या पायांचा तो बैल दिसला. "आरं नालायकांनो," मी म्हणालो, "ज्यानं हजारो ढोरांच्या शिंगाला रंग लावला, त्याच्या अंगावर एक रेघ ओढायला तुमच्यापैकी कुनी नव्हतं?" मी काठी उगारली. ती शिवराजच्या पाठीवर बसली असे तो सांगतो. ती टेबलावर बसली. थोडी पाठीवर बसली असेल.

आम्ही त्यांना बीदरच्या सरकारी दवाखान्यात नेले, तिथे एक तरुण डॉक्टरीण होती. तिने अप्पांचा कोपर वाकवून पाहिला, ताप पाहिला आणि वळून विचारले, "इनकू कौन कौन दवा देरा? सच बोलो." दोन्ही भावांनी एकाच वेळी आपापली चिठ्ठी पुढे केली. तिने कपाळाला हात लावला. लिथियमचे रक्तातले प्रमाण चढले होते. उन्हात दिवसभर चालून, घाम गाळून, पाणी न पिता ते आणखी चढत गेले होते, आणि एकाच कुळातले दुहेरी औषध वरून. पायांतले तिखट, वळलेली मान, ताठ झालेले अंग, ताप, सगळे त्यातून आलेले. अस्वस्थपणा औषधाचा, तो वेडाचा समजून आणखी औषध, त्याने आणखी अस्वस्थपणा. तिने सगळे बंद केले. पण तेलातली सुई काढून घेता येत नाही. ती उतरेपर्यंत वाट पाहावी लागते. आठ दिवस ते जगतील की नाही सांगता येत नव्हते. नवव्या दिवशी त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिले आणि बोबड्या जिभेने म्हणाले, "कंपौंडर, माझ्या बरगड्या कुनी मोडल्या?" मी नावे सांगितली. ते म्हणाले, "नीट न्हाई मोडल्या."

इथे कथा संपली असती तर मी ती भर मंडपात सांगितली असती. पण अर्ज फाडला गेला नव्हता. डॉक्टरणीने समजावले, दोघांनी मान डोलावली. तरी मैलूरची कॉलनी म्हणे, म्हातारा इथे नको. दिलीप म्हणे, औषधामुळे असेल, पण फेकले तर मलाच ना? सुनंदा आपल्या पोरींना घेऊन माहेरी जायच्या गोष्टी बोलू लागली. अप्पा खटकचिंचोळीत थोरल्याच्या घरी राहिले, एकाच डॉक्टरच्या एकाच औषधावर, शांत, बारीक झालेले. जबड्याची एक हालचाल मात्र कायमची राहिली. काही चघळत असल्यासारखा तो दिवसभर फिरे. पोरे त्याची नक्कल करीत. शिवराजच्या घरातही कुरकुर सुरू झाली. शेवटी तो म्हणाला, "दिवाळीपस्तोर बघतो. दिलीपनं बारी घेतली तर ठीक, न्हाई तर दोघं मिळून सही करू." अप्पा हे ओसरीवर बसून ऐकत होते. जबडा हलत होता. जनावराविषयी असे निर्णय होताना ते नेहमी बोलत असत.

दिवाळी झाली आणि दिलीप आला. गाडीतून उतरला तो एकटाच. गल्लीतली माणसे आपापल्या दारात उभी राहिली. सगळ्यांना ठाऊक होते की सहीचा दिवस आहे. मी अप्पांच्या शेजारी बाकड्यावर होतो. दिलीप समोर उभा राहिला, पण चार हात अंतर ठेवून.

"अण्णा," तो बापाला म्हणाला.

अप्पा उठले. त्यांचे हात अजून थरथरत होते. ते दोन पावले पुढे गेले. लोक सांगतात की दिलीप मागे सरला. तो सरला नाही. त्याने डोळे मिटले एवढेच.

अप्पांनी उजवा हात उचलून त्याच्या गळ्याजवळ ठेवला आणि सदऱ्यावरून बोटांनी हाड चाचपू लागले. सावकाश, न पाहता, सांधा शोधत. सदऱ्याच्या खिशात काहीतरी करकरले.

"कागद कसला?"

"काई न्हाई, अण्णा."

"काढ भाईर. हाताला हाड लागंना गेलंय."

दिलीपने खिशातला अर्ज काढला. कुठे ठेवावा ते त्याला कळेना. त्याने तो माझ्याकडे दिला. "काका, जरा धरा." पुढे त्याने तो परत मागितला नाही. दोन कोऱ्या जागांसकट तो माझ्या पेटीत आहे, ज्याला पाहायचा त्याने यावे.

अप्पांना हाड लागले. मोडले होते तिथे जाड गाठ आली होती. त्या गाठीवर त्यांचा अंगठा फिरला.

"वाकडं जुळलंय," ते म्हणाले. "कुनी बसवलं?"

"बीदरच्या डॉक्टरनं."

"मला इचारायचं व्हतंस."

"तुम्ही कुटं हुतात शुद्धीत?"

अप्पांचा जबडा थांबला. क्षणभरच थांबला. मग ते म्हणाले, "दुखतंय का?"

"थंडीत दुखतंय."

दारातली माणसे अजून उभीच होती. दिलीपने डोळे पुसले आणि ओसरीवरची अप्पांची पिशवी उचलली, दुखऱ्या हाताने. "चला," तो म्हणाला, "बारी माझी हाय."

त्यानंतर दोन वर्षे बारी चालली. दोन्ही घरांची मिळून औषधांची एक वही झाली. ती सुनंदाने शिवून घेतली होती आणि अप्पांबरोबर पिशवीतून फिरे. अप्पा वारले ते मैलूरला, दिलीपच्या घरात, दुपारी जेवून पडले असताना. मनोरुग्णालयात नाही, बांधलेले नाही.

पण मला ते दिसतात ते त्या दिवाळीनंतरच्या सकाळी. दिलीपने गाडीचे पुढचे दार उघडले, ते आत बसले. गाडी सुरू झाली तेव्हा काचेआड त्यांचा जबडा पुन्हा हलू लागला होता आणि थरथरता हात पोराच्या गळ्याजवळ, त्या वाकड्या हाडावरच होता. दिलीप मान एका बाजूला झुकवून, तो हात निसटू नये अशा बेताने, गाडी चालवत गेला.